ढालीमागचा हात

"नमुन्याचा कागद? मला?" असं म्हणून टोक्याने तो कागद उलटा केला आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला. झालं! पुढचे आठ महिने त्या बिचाऱ्या कागदाला दुसरं काम मिळालं नाही.

"अरे, एकदा नजर तरी टाक," संपादकबाई म्हणाल्या. "कंपनीने मुद्दाम पाठवलाय. कप्तान पुढून, मागून, बाजूने, सगळा दाखवलाय."

"बाई, कप्तानाबरोबर मी जेवलोय, झोपलोय, अंघोळ केलीय! तो मला पाठ आहे. झोपेतून उठवलंत तरी डोळे मिटून काढून दाखवीन!"

"झोपेतून उठल्यावर डोळे उघडतात रे बाबा," बाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

आता हा टोक्या कोण, ते सांगायला हवं. वय वर्षं बेचाळीस, धंदा कॉमिकं काढायचा. शाळेत असल्यापासून पेन्सिलीला असं टोक काढायचा, की शेजारी बसणारी मुलं दप्तर मध्ये ठेवून बसत. तेव्हा जे नाव पडलं ते पुढे कॉमिकवरही छापून यायला लागलं. प्रकाशनाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. एका खोलीत बाई, एका खोलीत पुस्तकांचे गठ्ठे आणि उरलेल्या खोलीत टोक्या आणि चित्रांत रंग भरणारी मुलगी. तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. ती वयाने टोक्याच्या निम्मी होती आणि प्रश्न दुप्पट विचारायची.

आणि कप्तान? अहो, कप्तान धडाका! 'पोलादी पलटण'चा! वीतभर उंचीचा, गुडघ्यात वाकणारा, डाव्या हातात ढाल, उजव्या हातात भाला. टोक्याच्या लहानपणी ज्याच्याकडे पोलादी पलटण नव्हती, त्याच्याकडे 'सागरसेना' होती, आणि सागरसेनेचा राजा म्हणजे सम्राट अथांग. हिरवागार, डोक्यावर शिंपल्याचा मुकुट आणि अंगाला हातच हात, वळवळणारे, खालून गोल गोल चकत्या असलेले. दोन कंपन्यांचं एकमेकींशी इतकं वाकडं, की दुकानात एका फळीवर दोघांची खोकी ठेवली तर दुकानदाराला पत्र यायचं. त्यामुळे कप्तान आणि सम्राट कधी एका गोष्टीत आले नाहीत, एका चित्रात आले नाहीत. साऱ्या जगात त्यांची भेट एकाच ठिकाणी व्हायची. टोक्याच्या घरी, जेवायच्या टेबलाखाली! कप्तान टोक्याचा, सम्राट त्याच्या ताईचा. रोज दुपारी घनघोर युद्ध, आणि युद्ध संपलं की दोघांना एकाच चपलेच्या नावेत बसवून सफर.

आणि आज इतक्या वर्षांनी त्या दोन कंपन्यांना उपरती झाली होती! जुनी खेळणी पुन्हा बाजारात आली, तेव्हाची मुलं आता आईबाप झाली, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं, की दोघांना एका कॉमिकमध्ये आणावं. क्रॉसओव्हर! चौसष्ट पानांचा! काम आलं ते टोक्याच्या टेबलावर. बातमी ऐकून तो खुर्चीवर उभा राहिला होता. मग ताईला फोन केला आणि तिला दोन मिनिटं एकही शब्द कळला नाही, कारण टोक्या नुसताच ओरडत होता.

करारनामा मात्र विचारू नका! बत्तीस कलमं. कप्तान जेवढ्या चौकटींत दिसेल, तेवढ्याच चौकटींत सम्राट दिसला पाहिजे. एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच नको. कोणी जिंकायचं नाही, कोणी हरायचं नाही. आणि सगळ्यांत कडक कलम असं, की चित्रं पूर्ण होईपर्यंत कुठल्याच कंपनीने ती पाहायची नाहीत. पाहायची ती दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकमेकांसमोर. एकाने आधी पाहिलं तर दुसऱ्याच्या पोटात दुखेल ना!

टोक्याने सही केली. कलमं वाचली नाहीत. त्याला गोष्ट पाठ होती, मग कलमं कशाला वाचायची?

आठ महिने तो वेड्यासारखा काढत होता. जेवताना काढायचा, फोनवर बोलताना काढायचा. तिसऱ्या पानावरचं जोडपान तर काय वर्णावं! सम्राटाचा तडाखा बसतो, कप्तानाची ढाल फुटते, तुकडे चारी दिशांना उडतात, आणि ढालीमागून बाहेर येतो कप्तानाचा डावा हात. हिरवागार, वळवळणारा, खालून गोल गोल चकत्या असलेला!

रंगारीणबाईने ब्रश खाली ठेवला.

"दादा, हा हात हिरवा कसा?"

"हिरवाच असतो."

"आणि बोटं?"

"बोटं नसतात! अगं, हेच तर कप्तानाचं गुपित! खोक्यावर, जाहिरातीत, सगळीकडे डाव्या हातापुढे ढाल. ढालीमागे काय आहे, ते ज्याच्याकडे कप्तान होता त्यालाच माहीत. तुमच्या पिढीला काय कळणार!"

"आणि खांद्याशी हा गुलाबी पट्टा?"

"शौर्यपदक!" टोक्या छाती काढून म्हणाला. "गुलाबीच भर. थोडासा चमकदार."

तिने गुलाबी भरला. काय करणार? दादा डोळे मिटून काढणारे!

मग तो दिवस उजाडला. बरोबर अकरा वाजता दोन्ही कंपन्यांची माणसं आली. पोलादी पलटणकडून एक साहेब, हातात फूटभर लोखंडी पट्टी. आधी बारा वर्षं ते फरशीच्या कंपनीत होते. खेळणी त्यांनी लहानपणीसुद्धा हातात घेतली नव्हती, पण माप म्हणजे माप. मिशी भरघोस, दोन्ही टोकांना सारखी कापलेली. त्यांना आपण पट्टीसाहेब म्हणू. सागरसेनेकडून आल्या त्या बाई बारीक, चष्मेवाल्या. त्या येतानाच म्हणाल्या, "जिन्याच्या एकूण चोपन्न पायऱ्या आहेत." त्या मोजणीबाई. त्यांना काहीही दाखवा, त्या आधी मोजत.

तिकडे छापखान्यात मशीन तयार होतं. छापखानेवाल्याचा फोन आला. "बाई, शाई भरली. छापू का?"

"थांबा. सह्या व्हायच्यात," संपादकबाई म्हणाल्या.

पहिलं पान टेबलावर आलं. पट्टीसाहेबांनी कप्तानावर पट्टी ठेवली, मग सम्राटावर ठेवली. दोघांची डोकी एका रेषेत. त्यांनी मान हलवली. "सुबक काम आहे. मिशी तर फारच एकसारखी आलीय. दोन्ही बाजूंना तंतोतंत!"

टोक्याने रंगारीणबाईकडे अशा नजरेने पाहिलं, की बघ, जाणकार काय म्हणतायत!

मोजणीबाई मात्र बोट फिरवत होत्या. "पाच... सहा... सात." पुन्हा. "सहा... सात." त्यांच्या कपाळावर आठी पडली. "असेल, ढालीआड असेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. दुसऱ्या पानावरही सातच. त्यांनी चष्मा पुसला.

आणि टोक्याने मोठ्या झोकात तिसरं जोडपान उलगडलं!

पट्टीसाहेब आणि मोजणीबाई जोडपानावर वाकले. मग दोघं एकदमच किंचाळले.

"हे काय आहे?" पट्टीसाहेबांची पट्टी टेबलावर आदळली. "आमच्या कप्तानाला हा... हा... चिकट हात?"

"आमच्या सम्राटाला आठ हात असतात!" मोजणीबाई उभ्या राहिल्या. "आठ! इथे सात आहेत, आणि आठवा तुमच्या माणसाच्या खांद्याला! चोरी! भरदिवसा चोरी!"

"चोरी? अहो, आम्हाला काय करायचाय तो? तुम्हीच चिकटवलात! उद्या म्हणाल, कप्तान अर्धा आमचाच!"

"आम्ही आमच्या सम्राटाचा हात तोडून तुम्हाला देऊ? कशासाठी?"

"ते तुम्हालाच माहीत! या चित्रकाराला तुम्ही फितवलंय!"

"आम्ही? तुम्ही फितवलंय!"

टोक्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. आयुष्यात एकदाच, एकाच वेळी दोन पक्षांना फितूर व्हायचं भाग्य त्याला लाभलं होतं. संपादकबाई मध्ये पडल्या. "अहो, ते प्रतीक आहे. मैत्रीचं."

"मैत्री?" दोघंही ओरडले. त्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं.

मोजणीबाईंनी पिशवी उचलली. पट्टीसाहेबांनी पट्टी म्यान केली. "करार रद्द," ते म्हणाले. "पुस्तक निघणार नाही."

पुस्तक निघणार नाही? कप्तान आणि सम्राट पुन्हा कधीच भेटणार नाहीत? आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते पुस्तक तिसऱ्या पानावर बुडणार? तो दारात आडवा उभा राहिला.

"थांबा! चुकलं तुमचं आहे! मूळ कप्तान माझ्याकडे घरी काचेच्या कपाटात आहे, लहानपणापासूनचा! त्याचा हात असाच आहे. मी आत्ता आणतो. अर्धा तास द्या! नाहीतर... नाहीतर मी दारातून हलणार नाही!"

"तू हलला नाहीस, तर आणणार कोण?" संपादकबाईंनी विचारलं. तेव्हा कुठे तो हलला.

टोक्या धावला. चोपन्न पायऱ्या खाली, दोन गल्ल्या, घर, कपाट, पुन्हा दोन गल्ल्या. बेचाळीस वर्षांचा माणूस हातात बाहुला उंच धरून "बाजूला व्हा! महत्त्वाचं काम आहे!" असं ओरडत भर रस्त्याने धावतोय, हे दृश्य लोकांना रोज बघायला मिळत नाही. इमारतीच्या दारात वॉचमनने अडवलं. बाहेरची वस्तू आत न्यायची तर वहीत लिहा. टोक्याने घाईघाईने लिहिलं, "कप्तान, एक." वॉचमनने खोडून "बाहुला, एक" केलं आणि मगच सोडलं.

"बघा!" टोक्याने धापा टाकत कप्तान टेबलावर उभा केला आणि ढाल बाजूला केली. हिरवा हात! गुलाबी पट्टा! "हा मूळ माल आहे. आता बोला!"

मोजणीबाई वाकल्या. रंगारीणबाई वाकली. पट्टीसाहेबांनी कप्तान उचलून खिडकीशी नेला, खांद्यावरून अंगठा फिरवला, नख लावून पाहिलं.

"हा सांधा भरलेला आहे," ते म्हणाले.

"काय?"

"बारा वर्षं फरशीत काढलीत मी. सांधा कसा भरतात, ते मला झोपेतही कळतं. हे शौर्यपदक नाही. कोणीतरी इथे गुलाबी काहीतरी कालवून भरलंय आणि वरून घासून गुळगुळीत केलंय. हात मागून बसवलाय."

टोक्या हसला. अगदी मोठ्याने हसला. "कोण बसवणार? घरी मी, आई, बाबा आणि ताई. बाबा तर दिवसभर आपल्या कामात. कवळ्या बनवायचे ते. घरभर नुसते दात आणि ती गुलाबी..."

आणि तो थांबला.

"गुलाबी काय?" मोजणीबाईंनी विचारलं.

"पावडर," टोक्या अगदी हळू म्हणाला. "हिरड्यांची."

त्याने ताईला फोन लावला. ताई दातांची डॉक्टर. सम्राट अथांग तिच्याच दवाखान्यात असतो. दात काढताना लहान मुलांना ती धरायला देते. संपादकबाईंनी फोन टोक्याच्या हातून घेतला आणि टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"बोल रे, लवकर बोल, खुर्चीत माणूस आहे," ताई म्हणाली. "आ करा हो, अजून मोठा. तुला नाही रे, टोक्या."

"ताई, सम्राटाला हात किती?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मोज ना!"

थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. "सात."

"मूळचे आठ असतात," मोजणीबाई फोनवर वाकून म्हणाल्या. "आठवा कुठे गेला?"

मग ताईचा बारीक आवाज आला.

"टोक्या, आवाज छोटा कर."

"का?"

"कर म्हणते ना!"

टोक्याने हात पुढे केला, पण संपादकबाईंनी फोनवर तळवा ठेवला होता. त्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदाच मजा येत होती.

"ताई, इथे पुस्तक बंद पडतंय गं," टोक्या म्हणाला. "खरं काय ते सांग."

ताईने मोठा श्वास घेतला. "तुला गालगुंड झालं होतं, आठवतंय? कप्तान घरात आला आणि दुसऱ्याच दिवशी तू तापाने फणफणलास. सहा वर्षांचा होतास. कप्तानाला उशाशी घेऊन झोपला होतास. मी तो हळूच उचलला. सम्राटाशी एक छोटीशी लढाई, तेवढीच. तर कप्तान पडला बाबांच्या खुर्चीच्या पायाखाली, आणि बाबा नेमके तेव्हाच बसले. डाव्या हाताचा भुगा झाला रे!"

"मग?" पट्टीसाहेबांनी विचारलं. ते खुर्ची ओढून फोनजवळ बसले होते.

"मग काय! हा उठून बघणार आणि रडणार. गालगुंड झालेलं पोर, रडलं की गाल दुखायचे त्याचे. म्हणून मी सम्राटाचा एक हात कापला आणि बाबांची पावडर कालवून कप्तानाला बसवला. अकरा वर्षांची होते. माझं पहिलं ऑपरेशन! हा उठला, म्हणाला, ताई, हात असा का? मी म्हटलं, असाच असतो, गुपित असतं, म्हणून तर ढाल. ...हो हो, थुंका आता. तू नाही रे, टोक्या."

टोक्या मटकन खाली बसला. छत्तीस वर्षं तो ज्या गुपिताचा तोरा मिरवत होता, ते कंपनीचं नव्हतंच. ते ताईचं होतं. आणि सम्राट तर तिचा होता, तिचा एकुलता एक. पुढे रोज दुपारी टेबलाखाली तिचा सात हातांचा सम्राट हरायचा आणि टोक्या "ताई, तुला खेळताच येत नाही" म्हणून टाळ्या पिटायचा. त्याने फोन जवळ ओढला.

"ताई, तू सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगायचं? तू इतका खूश होतास!"

टोक्या पट्टीसाहेबांकडे वळला. आता आवाजात तोरा नव्हता. "साहेब, चूक माझीच. कागद पाठवला होता तुम्ही, मी बघितला नाही. चौसष्ट पानं पुन्हा काढीन. पण करार मोडू नका. या दोघांना भेटू द्या."

"पुन्हा काढायला किती दिवस?"

"आठ महिने."

फोन वाजला. हा दुसरा, छापखान्याचा. "बाई, शाई सुकायला लागली. छापू का?"

"थांबा!" सगळे एका सुरात ओरडले.

एक मोजणीबाई तेवढ्या ओरडल्या नाहीत. त्यांनी केव्हाच पानं पुढे ओढली होती आणि त्या मोजत होत्या. तिसरं पान, चौथं, पाचवं. ओठ हलत होते. शेवटी त्यांनी करारनामा उघडला.

"कलम अकरा," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पानावर सम्राटाचे आठही हात दिसले पाहिजेत. हे कलम मीच घातलंय. आठही हात दिसले पाहिजेत, इतकंच लिहिलंय. कुणाच्या अंगाला दिसले पाहिजेत, ते लिहिलेलं नाही." त्यांनी चष्मा वर केला. "सात इथे, एक तिथे. तिसऱ्या पानापासून शेवटपर्यंत, प्रत्येक पानावर आठ! माझी हरकत नाही."

टोक्याने उडी मारली. रंगारीणबाईने उडी मारली. संपादकबाईंनी फक्त पाय उचलला, पण त्यांच्या मानाने ती उडीच!

"माझी आहे!" पट्टीसाहेब म्हणाले. "आमची पोलादी पलटण. पोलादी! आणि कप्तानाला हा मऊ, लिबलिबीत हात? तोही कवळीच्या मसाल्याने जोडलेला? आमच्या मालाची मजबुती काय राहिली?"

फोनमधून ताई उसळली. "ओ साहेब! मजबुती? छत्तीस वर्षं झाली त्या हाताला! ओढून बघा! निघाला, तर माझी पदवी परत देते!"

"बघतोच," म्हणून पट्टीसाहेबांनी कप्तान दोन्ही हातांनी धरला. डाव्या मुठीत हिरवा हात, उजव्या मुठीत पोलादी. आणि ओढला. काही झालं नाही. त्यांनी मिशी चावली, पाय रोवले आणि पुन्हा ओढला.

टक्!

हात निघाला. साहेबांनी विजयी मुद्रेने मूठ उघडली, आणि त्यांचा चेहरा पडला. मुठीत उजवा हात होता. भाल्यासकट. कंपनीचा, मूळचा, पोलादी. ताईचा हिरवा हात खांद्याला घट्ट होता, आणि वर थोडा डुलतही होता.

"काय झालं? कसला आवाज झाला?" फोनमधून ताई विचारत होती.

साहेबांनी तो हात परत बसवून पाहिला. तो खाली पडला. पुन्हा बसवला. पुन्हा पडला. मग ते खिशातून रुमाल काढून कपाळ पुसायला लागले.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं.

पण पहिल्या दोन पानांचं काय? तिथे ढाल फुटलेली नव्हती, त्यामुळे सातच दिसत होते, आणि मोजणीबाई त्या बाबतीत हटायला तयार नव्हत्या. टोक्याने पेन्सिलीला टोक काढलं. ढालीखालून हिरव्या हाताचं इवलंसं टोक बाहेर डोकावतंय, असं दोन्ही पानांवर काढलं, आणि रंगारीणबाईने तिथल्या तिथे हिरवं केलं. मोजणीबाईंनी बोट फिरवलं. आठ. आठ. सही!

"पण वाचणाऱ्याला कळायला नको का, हा हात आला कुठून?" संपादकबाई म्हणाल्या. "पहिल्या पानावर एक चौकट रिकामी आहे. एक वाक्य द्या कोणीतरी. लवकर!"

टोक्याने पेन्सिल खाली ठेवली. मग फोन पुढे सरकवला. "ताई, तू सांग."

ताईने फार विचार केला नाही. तिने सांगितलं तसं रंगारीणबाईने अक्षरात उतरवलं : 'एकदा कप्तानाचा हात गेला. त्याने रडू नये, म्हणून सम्राटाने आपल्या आठांतला एक त्याला दिला आणि कुणाला सांगितलं नाही.'

पट्टीसाहेबांनी त्या वाक्यावर पट्टी ठेवली, पण मापलं काहीच नाही. नुसतीच ठेवली.

"छापा!" संपादकबाई फोनवर म्हणाल्या.

"आणि टोक्या," ताई म्हणाली, "तो उजवा हात मोडला ना? घेऊन ये संध्याकाळी, बसवून देते. अगदीच भुगा झाला असेल तरी काळजी नको. सम्राटाचे अजून सात आहेत."

"नाही!" मोजणीबाई किंचाळल्या.

पुस्तक निघालं आणि काय धुमाकूळ झाला म्हणता! दुकानांत रांगा! मुलं शाळेत डाव्या बाहीत हिरवे पायमोजे घालून जायला लागली. आईबाप मुलांच्या आधी वाचून काढू लागले. मुखपृष्ठावर टोक्याच्या नावाखाली ताईचं नाव आलं, 'हात : ताई, वय वर्षं अकरा'. दोन्ही नावांचा आकार पट्टीसाहेबांनी स्वतः मोजून सारखा केला.

आठवड्याने टोक्या ऑफिसात निवांत बसला होता. समोर नवंकोरं पुस्तक. चहा संपला, त्याने कप उचलला, आणि कपाबरोबर खालचा कागदही चिकटून वर आला. तोच तो, नमुन्याचा! टोक्या हसला. आता बघायला काय हरकत आहे? त्याने कागद सुलटा केला.

कप्तान धडाका. पुढून, मागून, बाजूने. डावा हात साधा, पाच बोटांचा. बरं. ते आता माहीत होतं. पण टोक्याची नजर वर सरकली आणि तिथेच खिळली. त्याने कागद उजेडात धरला. बोटाने घासून पाहिला. मग पुस्तक उघडलं. पान एक, पान दोन, पान तीन. चौसष्ट पानं.

कप्तानाला मिशी नव्हती!

कागदावर ओठ साफ, गुळगुळीत, पुढून आणि बाजूने. पुस्तकात मात्र प्रत्येक चौकटीत भरघोस मिशी, दोन्ही बाजूंना तंतोतंत!

त्याने लगेच फोन लावला. "ताई, कप्तानाची मिशी पण तूच?"

"छे रे! माझा फक्त हात," ताई म्हणाली. "मिशी तू काढलीस. त्याच गालगुंडात. ताप डोक्यात गेला होता तुझ्या, डोळेसुद्धा उघडत नव्हते. बाबांची कवळ्यांवर खुणा करायची पेन्सिल घेतलीस आणि म्हणालास, मिशी नसलेल्या माणसाचं सैन्य ऐकत नाही. नंतर कितीही धुतलं तरी गेली नाही बघ."

टोक्याने फोन ठेवला, तोच तो पुन्हा वाजला. पट्टीसाहेब होते, अगदी खुशीत.

"अहो टोक्या! मुलांची पत्रांवर पत्रं येतायत! सगळ्यांना मिशीवाला कप्तान हवाय! कंपनी नवीन कप्तान काढतेय, मिशीसकट! फक्त आमचे वरचे साहेब मघापासून जुना साचा काढून बसलेत आणि त्यांना काही उलगडा होईना. ते विचारतायत, मिशी तुम्ही नमुन्याचा कागद बघूनच काढलीत ना?"

टोक्याने कागद पुन्हा उलटा केला, त्याच्यावर कप ठेवला आणि म्हणाला,

"छे हो साहेब! डोळे मिटून!"